भिकू म्हात्रेला मारलेली शिट्टी

शिट्टी मला चांगली वाजवता येते. दोन बोटं तोंडात घालून, जीभ मागे दुमडून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मारली तर गल्लीच्या टोकाच्या पानवाल्याने मान वर करावी अशी. लालबागच्या चाळीत वाढलेल्या पोराला ती यावीच लागायची. दहीहंडीला लागायची, गणपती बाहेर काढताना लागायची, आणि स्टॉलमध्ये बसून पिक्चर बघताना तर पाहिजेच.

जानेवारी २०२५ मध्ये ‘सत्या’, रामगोपाल वर्माचा मुंबईतल्या गुंडांवरचा सिनेमा, पुन्हा थिएटरांत लागला. १७ तारखेला लागला आणि त्या रविवारी मी लेकीला घेऊन ठाण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये गेलो. प्रेक्षक बहुतेक माझ्याच वयाचे. पोटं सुटलेली, चष्मे बदललेले, कुणी सोबत बायको आणलेली, कुणी कॉलेजातला मुलगा. माझ्या मागच्या रांगेत चार जण होते, त्यांतल्या एकाला अख्खा सिनेमा पाठ होता. पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडायच्या आधी हा वाक्य म्हणून मोकळा. मुंबईचा राजा कोण, असं भिकू म्हात्रे समुद्राकडे तोंड करून विचारतो तो प्रसंग आला तेव्हा तर सगळं थिएटरच ओरडलं. मोबाइल वर झाले. मीही सवयीने दोन बोटं ओठांपर्यंत नेली.

शिट्टी मारली नाही. लेक म्हणाली, “बाबा, मारा ना, तुम्ही तर घरी सांगत होतात.” म्हटलं, पॉपकॉर्नचं मीठ लागलंय बोटांना.

मीठ लागलं होतं हे खरंच. पण तेवढ्यासाठी थांबणारा मी नव्हे.

‘सत्या’ पहिल्यांदा लागला ३ जुलै १९९८ ला. मी एकोणीस वर्षांचा. पाऊस असा की लालबागहून दादरला जायचं तर चपला हातात घ्याव्यात. सिनेमात बघायला जावं असं नाव एकच, ऊर्मिला मातोंडकर. हिरो चक्रवर्ती नावाचा कुणी तेलुगूतला, मनोज बाजपेयीला चार जण ओळखत असतील नसतील. रामगोपाल वर्माने ‘रंगीला’ केलेला म्हणून आम्हाला वाटलं, गाणी असतील, ऊर्मिला नाचेल. पहिल्या आठवड्यात थिएटर अर्धं रिकामं होतं. ब्लॅकवाले कंटाळून टपरीवर चहा पीत बसलेले. दुसऱ्या आठवड्यात तेच ब्लॅकवाले तिकिटाला दुप्पट मागायला लागले. जाहिरातीने झालं नव्हतं ते. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने नाक्यावर. मी पहिल्या आठवड्यात पाहिला आणि नाक्यावर सांगणाऱ्यांपैकी मी एक होतो. सांगितलं काय, तर “आपल्यासारखंच आहे रे सगळं.”

यातला ‘आपल्यासारखं’ हा शब्द जरा उलगडून सांगायला हवा. हिंदी सिनेमातली चाळ तोवर आम्हाला हसू आणायची. रंगवलेल्या भिंती, ऐसपैस जिने, आणि कुणी रडलं की खांबामागे उभी राहणारी शेजारीण. ‘सत्या’तली खोली मात्र खोलीएवढीच होती. जिन्यात अंधार. पाऊस सेटवरचा वाटत नव्हता. कॅमेरा धरणाऱ्यांपैकी एक जेरार्ड हूपर, अमेरिकन माणूस. पुढचं काम मजहर कामरानने केलं. आमच्या गल्ल्या बाहेरच्या माणसाला दिसल्या तशा आम्हाला कधी दिसल्या नव्हत्या, असं मी पुढे कुठेतरी बोललोही आहे. ऐटीत. त्या वेळी मात्र ‘अरे, आपला नळ!’ एवढंच वाटलं होतं.

आणि नाव. भिकू म्हात्रे. हिंदी सिनेमातला मराठी माणूस म्हणजे हवालदार, नाहीतर भांडी घासणारी बाई, फार तर “साब, पोस्टमॉर्टम का रिपोर्ट आया है” म्हणणारा इन्स्पेक्टर. इथे उरण-पनवेलकडच्या एखाद्या घराच्या दारावर सहज सापडेल असं आडनाव घेऊन एक माणूस अख्खा पडदा व्यापून बसलेला. तो बायकोशी भांडतो, मार खातो, मग तिलाच मिठी मारतो, मित्राच्या गळ्यात पडतो, आणि यातून वेळ मिळाला की माणसं मारतो. भिकू झालेला मनोज बाजपेयी बिहारचा हे आम्हाला नंतर कळलं. कळल्यावर थोडं वाईटही वाटलं. तोवर आमच्या चाळीतल्या दोन पोरांनी केस तसे वाढवले होते.

त्या पहिल्या शोला मी भिकू म्हात्रेला शिट्टी मारली. पहिल्या आठवड्यातल्या अर्ध्या रिकाम्या थिएटरात ती अशी घुमली की डोअरकीपरने बॅटरी मारून बघितलं.

आता ती शिट्टी मला शिकवली कुणी, ते सांगतो.

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक मुलगा राहायचा. माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठा. नाव लिहीत नाही; त्याच्या घरचं कुणी आता उरलं असेल तर उगाच त्रास नको. त्याचा बाप आणि माझे बाबा एकाच गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले, आणि मग त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. बाबा पुढे एका सोसायटीत वॉचमन झाले. त्याचा बाप गावाला गेला आणि तिकडेच वारला. आई राहिली, तिला आम्ही मावशी म्हणायचो. साताऱ्याकडची. पोळ्या लाटून देण्याचं काम करायची. मुलगा आधी नाक्यावर उभा राहायचा, मग नाक्यावर दिसेनासा झाला, मग एकदम गळ्यात साखळी घालून आला. त्याच्या आधीच्या, नाक्यावरच्या दिवसांत त्याने मला गॅलरीत उभं करून शिट्टी शिकवली. “जीभ मागं घे. अजून मागं. आता फुंक. थुकी उडाली तरी चालंल.” दोन दिवस नुसती थुंकीच उडत होती.

१९९६ च्या पावसाळ्यात तो चकमकीत मेला. पेपरात आतल्या पानावर चार ओळी. पोलिसांनी शरण यायला सांगितलं, त्याने गोळीबार केला, स्वसंरक्षणार्थ वगैरे. त्या वर्षांत अशा चार ओळी इतक्या यायच्या की लोक त्या वाचता वाचता पान उलटायचे. चाळीत त्या दिवशी सगळी दारं लोटलेली होती. लालबागच्या चाळीत दुपारी दार लोटलेलं असणं ही केवढी गोष्ट आहे, ती तिथे राहिल्याशिवाय कळायची नाही. आमचंही दार लोटलेलं होतं.

त्याच्यानंतर दोन वर्षांनी मी त्याच्या शिट्टीने भिकू म्हात्रेला दाद दिली. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि एकमेकींना भेटल्या नाहीत, याचं मला आता नवल वाटतं. तेव्हा नाही वाटलं.

‘सत्या’ला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. रास्तच होतं ते. त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये लोकांचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘कुछ कुछ होता है’, समीक्षकांचा ‘सत्या’. एकाच वर्षात, एकाच देशात. मनोज बाजपेयीला सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेफाली शहाची भिकूची बायको, प्यारी, हिचंही कौतुक झालं. ती मोजून काही प्रसंगांत आहे आणि तरी घरी येते आपल्याबरोबर. सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांच्या पटकथेबद्दल जे लिहून आलं त्यात एक मुद्दा पुन्हा पुन्हा यायचा: सत्याला भूतकाळ नाही. तो कुठून आला, का आला, त्याच्यावर लहानपणी काय अन्याय झाला, सिनेमा सांगत नाही. हिंदी पडद्यावरचा गुन्हेगार तोवर कारण खिशात घेऊन फिरायचा. बापाचा खून, बहिणीची अब्रू, आजारी आई. विशेषतः आई. तिच्या खोकल्यावर कितीतरी स्मगलर उभे राहिले. ‘सत्या’ने तो सगळा पसारा बाजूला केला. सत्याला आईच नाही, भिकूचीही दिसत नाही. हे धाडस आहे असं जाणकारांनी लिहिलं, आणि मी कॉलेजच्या कट्ट्यावर ते स्वतःचं मत म्हणून खपवलं.

रामगोपाल वर्माने या सिनेमाचं बीज कुठे पडलं ते अनेकदा सांगितलं आहे. १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमारांचा खून झाला. बातमी आली तेव्हा त्याच्यासमोर बसलेला माणूस सांगत होता की ते आज सकाळी इतक्याला उठले, यांना भेटणार होते, त्यांच्याशी बोलले. ऐकता ऐकता वर्माच्या मनात आलं: मारणारा किती वाजता उठला असेल? त्याने नाश्ता खुनाच्या आधी केला की नंतर? अख्खा ‘सत्या’ त्या नाश्त्यातून निघालेला आहे. म्हणून तर त्यातले गुंड खातात, पितात, नाचतात, झोपेतून उठून डोळे चोळतात, आणि आपल्याला कुठेच खोटं वाटत नाही. त्या प्रश्नाला जोडून एक प्रश्न मला फार उशिरा सुचला. त्याला त्या सकाळी उठवलं कुणी असेल?

सगळ्यांनी वाहवाच केली असं मात्र नव्हे. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात रोज संध्याकाळी पेपर चाळणारे एक निवृत्त मास्तर होते. सिनेमा न बघता त्यांनी निकाल दिला: गुंडांचं उदात्तीकरण. न बघता बोलल्याबद्दल आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल केली. पण त्यांचं एक वाक्य टिंगलीतूनही उरलं. “तुम्ही बाहेर येऊन कुणाचं नाव घेताय ते ऐका. मेलेल्यांपैकी एकाचं तरी घेताय का?” खरंच घेत नव्हतो. सिनेमाच्या सुरुवातीलाच एका निर्मात्याला मारतात. त्याचं पात्रनाव काय होतं, मला आजही सांगता येणार नाही. बाबांनी तर सिनेमा पाहिलाच नाही. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, “तिकीट काढून कशाला? इथं राहून सोळा वर्षं फुकट बघतोय.”

हिंसक सिनेमाने जाणत्यांची तारांबळ उडवणं नवं नाही. १९६७ साली अमेरिकेत ‘बॉनी अँड क्लाइड’ आला तेव्हा ‘न्यूजवीक’च्या जो मॉर्गनस्टर्नने त्याची सालटी काढली. मग त्याच आठवड्याच्या शेवटी तो बायकोला घेऊन, साधं तिकीट काढून, भरलेल्या थिएटरात पुन्हा बसला. भोवतीचे लोक बेभान झालेले. त्याला घाम फुटला, आणि पुढच्या अंकात त्याने चक्क छापलं की मागच्या आठवड्यात मी लिहिलं ते चुकलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा बॉस्ली क्राउदर मात्र आपल्या शब्दावर अडून राहिला, त्या सिनेमावर पुन्हा पुन्हा तुटून पडला, आणि थोड्याच महिन्यांत त्याची समीक्षकाची खुर्ची गेली. ही गोष्ट नेहमी मॉर्गनस्टर्नच्या बाजूने सांगितली जाते. लोकांत बसला, डोळे उघडले. मलाही ती आवडते. फक्त लोकांत बसलं की डोळे उघडतातच असं धरून चालण्यात एक गंमत आहे. मी लोकांतच बसलो होतो. शिट्टीही मारली होती.

मात्र ‘सत्या’त एक प्रसंग असा आहे की तिथे कुणी शिट्टी मारत नाही. ना १९९८ मध्ये मारली, ना परवा. सत्या विद्याला, म्हणजे ऊर्मिलाला, घेऊन सिनेमाला जातो. पडद्यावर ‘बॉर्डर’ चालू आहे. कुणीतरी त्याला ओळखतं, पोलिसांना कळवतं, आणि पोलीस थिएटरला वेढा घालून दारं बंद करतात, एकेकाला तपासून सोडायचं म्हणून. सत्या गोळी झाडतो. कुणाला मारायला नव्हे, नुसता आवाज व्हावा म्हणून. लोक दाराकडे धावतात आणि एकमेकांच्या पायाखाली मरतात.

हा प्रसंग थिएटरात बसून बघताना आपण नेमके कुठे असतो, ते सांगणं कठीण आहे. समोर खुर्च्यांच्या रांगा, आपणही खुर्चीत. समोर दाराकडे पळणारी माणसं, आपल्या उजव्या हाताला तसंच लाल दिव्याचं दार. त्यात ‘बॉर्डर’. १३ जून १९९७ ला, म्हणजे जेमतेम वर्षभर आधी, दिल्लीच्या उपहार थिएटरात आग लागली तेव्हा तिथे ‘बॉर्डर’च चालू होता. ५९ माणसं गेली, बरीचशी धुराने गुदमरून. बाल्कनीतून बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. आम्हा पोरांना त्या पहिल्या शोला हे आठवलं होतं का? मला आठवलं नव्हतं. माझ्या शेजारचे एक गृहस्थ मात्र उठून दाराजवळ जाऊन उभे राहिले आणि प्रसंग संपल्यावर परत येऊन बसले. पाणी प्यायला गेले असतील असं मी समजलो. त्यांनी बसताना खुर्चीच्या दांड्यावरचा स्वतःचा ओला रुमाल उचलून घडी केली, खिशात ठेवला, पुन्हा काढला. बस्स, एवढंच आठवतं.

सिनेमा लागून दोनेक आठवडे झाले असतील, केबलवाल्याने रात्री साडेदहाला ‘सत्या’ लावला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे थिएटरात लपून काढलेली प्रिंट. चित्र तिरकं, आवाज विहिरीतून येणारा, आणि खालच्या कडेला प्रेक्षकांची डोकी. मधेच कुणी उठलं की काळी सावली भिकू म्हात्रेच्या तोंडावरून चालत जायची. आमच्याकडे रंगीत टीव्ही होता, त्यामुळे खोलीत पंधराएक माणसं, उरलेली गॅलरीत. मी जाणकार म्हणून टीव्हीशेजारी. पुढे काय होणार ते सांगत होतो, म्हणजे परवाच्या त्या मागच्या रांगेतल्या माणसासारखाच.

इंटरव्हलच्या सुमारास मावशी दारात येऊन उभी राहिली. तिच्या हाताला पीठ होतं. ती कधी कुणाकडे टीव्ही बघायला यायची नाही, दोन वर्षांत तर नाहीच. खोलीतलं बोलणं थांबलं. टीव्ही बंद करावा की नको हे कुणाला ठरवता येईना, आणि बंद करणं म्हणजे काहीतरी बोलून दाखवण्यासारखं झालं असतं, म्हणून चालूच राहिला. आईने तिला आत बसायला सांगितलं. ती उंबऱ्यावरच टेकली.

भिकू मरतो तो प्रसंग ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. भाऊ नावाचा पुढारी निवडणूक जिंकलेला, घरात जल्लोष, भिकू कौतुकाने भेटायला आलेला. संगीत नाही, इशारा नाही, जवळून एक गोळी. थिएटरात मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सगळे इतके गप्प झाले होते की पंख्याची घरघर ऐकू आली. हिंदी सिनेमात एवढ्या लाडक्या माणसाला असं, बोलता बोलता, मारत नसत. त्याला मरायला वेळ देत, मांडी देत, शेवटचे शब्द देत. हे असं मारणं त्या सिनेमातली सगळ्यात खरी गोष्ट होती, हे मत माझं आजही कायम आहे. त्या रात्री टीव्हीवर तो प्रसंग आला आणि मी मावशीकडे बघितलं नाही. टीव्हीच्या कडेला लावलेल्या गणपतीच्या स्टिकरकडे बघत राहिलो. एक कोपरा सुटला होता त्याचा.

सिनेमा संपला. सत्या दारात पडतो, दार उघडायला उशीर होतो, नावं वर सरकायला लागतात. लोक उठले, चटया गुंडाळल्या. मावशीने मला विचारलं,

“त्याला आई न्हाई का रं?”

मी म्हटलं, “कुणाला? सत्याला? नाही मावशी. तो कुठून आला ते दाखवलंच नाही. तीच तर त्यातली…” आणि थांबलो. वाचलेलं सगळं तोंडाशी आलं होतं.

“आन त्या दुसऱ्याला?”

“त्याचीबी न्हाई दाखवली.”

ती “बरं” म्हणाली. उंबऱ्यावरचं सांडलेलं पीठ हाताने पुसून गेली.

‘सत्या’वर मी आजवर जेवढं वाचलं, त्यात चुकीचं फारसं काही सापडलं नाही. आई काढून टाकणं हे त्या पटकथेचं बळच आहे. ती असती तर सत्या हिंदी सिनेमातला आणखी एक बिचारा झाला असता. कुणी मला आज ती पटकथा दुरुस्त करायला दिली तर मीही आई घालणार नाही. मास्तरांचं म्हणणंही पूर्ण पटत नाही. उदात्तीकरण करायचं असतं तर भिकूला तसं मारलं नसतं. पण ज्या बाईला यातलं काहीही पुस्तकातून कळायची गरज नव्हती, तिने बरोबर तीच जागा चाचपडली जी आम्ही रिकामी म्हणून वाखाणत होतो. तिच्यासाठी ती रिकामी नव्हती. ती स्वतःच तिथे उंबऱ्यावर बसली होती.

मल्टिप्लेक्समध्ये भिकू मेला तेव्हा मागच्या रांगेतला तो माणूस आधीच कुजबुजला, “आता बघ हां, आता.” गोळी सुटली. कुणी दचकलं नाही. लेकीच्या हातातला पॉपकॉर्न मात्र तसाच राहिला. तिने खरंच पहिल्यांदा पाहिला होता. बाहेर पडताना ती म्हणाली, “एवढंच? इतक्यात मारलं त्याला?” तिचा आवाज तक्रारीचा होता. मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात रामगोपाल वर्माने लिहिलं की सत्तावीस वर्षांनी आपणही ‘सत्या’ पुन्हा पाहिला आणि शेवटाकडे रडायला लागलो. सिनेमासाठी नव्हे, त्यानंतर स्वतः जे करत गेलो त्यासाठी. यशाची धुंदी, उद्धटपणा, सगळं त्याने कबूल केलं. त्यावर लोकांच्या प्रतिक्रिया अर्ध्या सहानुभूतीच्या, अर्ध्या टवाळीच्या. मला त्यात एवढंच दिसलं की हाही माणूस आपल्याच सिनेमात आपण कुठे बसलो होतो ते शोधत होता.

आई आता माझ्याकडेच असते, डोंबिवलीला. चाळ पाडून टॉवर झाला, आमची खोली कितव्या मजल्याच्या हवेत होती ते आता बोट दाखवूनही सांगता येत नाही. मावशी टॉवर व्हायच्या बऱ्याच आधी गेली. रविवारी रात्री परत आलो तर आई जागी होती, लसूण सोलत होती. कुठला पिक्चर, विचारलं. ‘सत्या’, म्हटलं. तिला आठवेल असं वाटलं नव्हतं.

“तो केबलवर लागलेला? मावशी आलेली तो?”

“हो.”

“दुसऱ्या दिवशी नळावर भेटलेली मला. तुझ्या त्या पिक्चरचंच विचारत होती.”

“काय?”

आईने सोललेल्या पाकळ्या वाटीत सरकवल्या. “त्या पोराला दारातून उचललं कुणी म्हणून. शेवटी पडलेला असतो ना तो. ह्याच्या वेळी तिच्याबरोबर आपल्यातले दोघंच गेलेले. तुझे बाबा गेले नाहीत. मीच नको म्हटलं होतं.”

हे मला माहीत नव्हतं. बाबांबद्दलही आणि तिच्याबद्दलही.

“मग तू काय सांगितलंस तिला?”

“काय सांगणार?” आई म्हणाली. “म्हटलं, पिक्चर तिथंच संपला.”